आरशामागची मूठ

"दोन्ही हात जोडलेत, मॅडम. एक दिसत न्हाई, एवढंच."

दारातून आत येताना मामा हेच वाक्य बोलायचे. डावा तळवा छातीसमोर उभा धरायचे. उजवा हात मनगटाच्या जरा वर संपलेला, शर्टाची बाही तिथं दुमडून सेफ्टी पिन लावलेली. ती बाहीही डाव्या हाताशेजारी येऊन थांबायची. यात हसण्यासारखंच काही होतं आणि मी पहिल्या दिवशी हसलेही. मग माझी नजर त्यांच्या डाव्या तळव्याकडं गेली. काचेला हात टेकला की पलीकडून तळव्याचं मांस कसं दबलेलं दिसतं, तुम्ही पाहिलं असेल. तो तळवा तसा दबलेला दिसत होता. समोर काही नसताना.

मी असल्या गोष्टींकडं लक्ष देणारी बाई नाही. सकाळी उठल्यावर दिवसभराच्या कामांची यादी करायची आणि रात्री झोपण्याआधी तिच्यावर रेघा मारायच्या, हा माझा स्वभाव. त्या स्वभावामुळंच मला ही नोकरी मिळाली. बीड जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात एक संशोधन चालू होतं. थंडाव्यानं दुखणं किती कमी होतं आणि माणूस पुन्हा कामाला किती लवकर लागतो, हे तपासायचं. डॉक्टर तपासायचे. मी बाकीचं सगळं बघायची: कोण कधी येणार, कुणाची संमती घेतली, बर्फ जमला का, थर्मामीटर चालतोय का, टॉवेल धुतले का.

येणारे बहुतेक ऊसतोडीला जाऊन आलेले असत. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, मोळ्या उचलून उतरलेला खांदा. त्यांना बर्फाचं फार नवल वाटायचं. "दवाखान्यात बर्फानं शेकत्यात" असं ते गावी जाऊन सांगायचे. या सगळ्यांपेक्षा वेगळा एक छोटा गट होता. हात किंवा पाय गमावलेल्या लोकांचा. अवयव कापला तरी मेंदूत त्याची जागा शिल्लक राहते आणि नसलेला हात दुखत राहतो, हे मला डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यात समजावून सांगितलं. मी ते समजून घेतलं आणि पुढच्या कामाला लागले.

मामा त्या गटात होते. मी त्यांना मामाच म्हणायची. आमच्याकडं त्या वयाचा परका माणूस मामाच असतो.

धारूरच्या घाटाखाली रस्त्याकडेला त्यांची रसवंती होती. ऊस माजलगावकडून यायचा. नारायणगडाच्या यात्रेत चरक टेम्पोत घालून तिकडं न्यायचे. नवराबायको दोघं मिळून चालवायचे. एका उन्हाळ्यात चरकात ऊस अडकला, त्यांनी तो हातानं पुढं ढकलला आणि हातही उसाबरोबर आत गेला. रसवंतीच्या चरकाला घुंगरं बांधलेली असतात, गिऱ्हाईकाला लांबून ऐकू यावीत म्हणून. "हात आत गेला तरी ती वाजतच व्हती," ते म्हणायचे. "लोकं म्हणत व्हते, रस ताजा दिसतोय. आमच्या घरातलीनं पळत येऊन मोटर बंद केली. ती थांबल्यावर मी ओरडलो. तंवर मला वाटलं, कशापायी ओरडावं, गिऱ्हाईक हायती."

हे ते हसत सांगायचे. ऐकणारे आधी हसायचे आणि मग हळूच आपल्या हातांकडं बघायचे.

संमतीपत्रावर अंगठा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी डावा अंगठा शाईत बुडवला आणि म्हणाले, "बाप्यांचा डावाच घेत्यात. सरकारला म्हाईत व्हतं बघा आधीपासून."

दुखणं किती हे शून्य ते दहामध्ये सांगायचं असतं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं. मामांनी ते मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हंजी ग्लास किती भरलाय, असंच न्हवं का?" तेव्हापासून ते ग्लासातच सांगायचे. आज हाफ हाय. आज फुल. सगळ्यात वाईट दिवशी ते म्हणायचे, "फुल हाय, वर फेस बी आलाय." मी त्याचे आकडे करून लिहायची.

दुखणं एकाच तऱ्हेचं होतं. नसलेल्या हाताची मूठ घट्ट आवळली गेली आहे, नखं तळव्यात रुतताहेत आणि ती सुटत नाही. अंथरुणाला पाठ टेकली की वाढायचं. झोप नव्हती. बसून बसून उजवा खांदाही आखडत चालला होता. कृत्रिम हात बसवायचा म्हटलं तर त्या टोकाला कपडाही सहन होत नव्हता.

आमच्या बाकावर ते नेहमी मधे बसायचे. त्यांच्या उजव्या बाजूला एक जागा रिकामी राहायची. ते कुणाला अडवत नव्हते. सोमवारी तर उभं राहायला जागा नसते, लोक जमिनीवर बसतात, पण त्या जागेवर कुणी बसायचं नाही. एकदा एक बाई बसली. पदरानं वारा घेत होती. ती थोड्याच वेळात उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "तिथं गार लागतंय." बर्फाचा फ्रीज भिंतीपलीकडं असेल म्हणून असं होत असेल, असं मला वाटलं. मी जाऊन बघितलं. फ्रीज दुसऱ्या भिंतीला होता.

उपचार साधा होता. टेबलाच्या मधोमध एक उभा आरसा. डावा, धडधाकट हात आरशासमोर, काचेच्या टबातल्या थंड पाण्यात. उजवा हात आरशामागं, नजरेआड. रुग्णानं आरशात बघायचं. डाव्या हाताचं प्रतिबिंब तिथं उजव्या हातासारखं दिसतं. म्हणजे दोन्ही हात पाण्यात आहेत असं वाटतं. मग मूठ हळूहळू उघडायची. मेंदूला वाटतं की तिकडचीही उघडली. बऱ्याच जणांना बरं वाटायचं.

पहिल्या दिवशी मामांनी आरशात बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"आलास व्हय?" ते त्या हाताला म्हणाले. "इतके दिस कुठं गेलतास?"

डॉक्टर हसले, मीही हसले. मामा नंतर कुणाकडंच बघत नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले की गार वाटतंय, दोन्हींना. ग्लास हाफवर आला. मग डॉक्टरांनी मूठ उघडायला सांगितली. डाव्या हाताची दोन बोटं उघडली असतील, मामांनी डोळे मिटून घेतले. त्या थंड खोलीत त्यांच्या कपाळावर घाम आला.

"फुल," ते म्हणाले. "फेस आलाय."

ते गेल्यावर टेबल पुसायला आमच्या मावशी आल्या. आरशामागं रेक्झिनवर पाणी होतं. उजव्या हाताचं टोक जिथं टेकतं, त्याच्या पुढं, पंजाएवढं. मावशींनी ते बघितलं, पुसलं आणि मला विचारलं की टब इकडं असताना पाणी तिकडं कसं सांडलं. मी म्हटलं, बर्फाच्या खोलीत पाणी कुठंही येतं. मावशींनी फडकं पिळून बादलीवर टाकलं. त्यानंतर मामांचा वार असला की टेबलाची ती बाजू मलाच पुसावी लागायची.

पुढचे सगळे वार असेच गेले. थंड पाण्यानं उतार पडायचा आणि मूठ उघडायची वेळ आली की मामा डोळे मिटायचे. डॉक्टरांना कळेना. इतरांना ज्यानं बरं वाटतं, त्याच ठिकाणी हा माणूस मागं फिरतो. ते माझ्याशी त्याबद्दल बोलले. रुग्णाशी बोलून अडचण शोधणं हेही माझ्याच कामात येत होतं, म्हणून एका दुपारी मी मामांना चहा पाजला आणि सरळ विचारलं की आरशात बघायचं सोडून ते डोळे का मिटतात.

त्यांनी चहा संपवला. बशी पालथी घातली.

"उघडली तर ती जाईल," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळं त्यांच्या शब्दांत मला देता येणार नाही. अपघातानंतरही हात दुखायचा, पण तेव्हा घरी त्यावर एक उपाय होता. जेवण झालं की त्यांची बायको तांब्या घेऊन हात धुवायला पाणी घालायची. आधी डाव्यावर. मग उजव्या बाहीच्या पुढं, जिथं हात असायला हवा तिथं. पाणी सरळ खाली जमिनीवर पडायचं. शेजारच्या बाया हसायच्या, म्हणायच्या की त्या हातानं कुठं जेवण केलंय. ती म्हणायची की बसला तर होता ताटाशी. माठातलं गार पाणी असायचं. मामांना ते हातावर पडलेलं कळायचं. मूठ सैल व्हायची आणि रात्री झोप लागायची. अशी कितीतरी वर्षं गेली. दोघांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही.

मग बायको आजारी पडली. शेवटी दवाखान्यात तिची खाट भिंतीला लावलेली होती, त्यामुळं मामांना एकाच बाजूनं उभं राहता यायचं. ती त्यांच्या उजवीकडं. सलाईनचा स्टँड मोडका होता म्हणून डाव्या हातात बाटली धरलेली. तिनं चादरीवरून हात पुढं केला.

"तिची बोटं हवेत न्हवती, मॅडम," मामा म्हणाले. "धरलेली व्हती. मला कळत व्हतं. मी बी धरलं."

ती तशीच गेली. बोटं वळलेली होती. नर्सनं आणि दुसऱ्या एका बाईनं मिळून ती सरळ केली, त्यांना जरा जोर लावावा लागला.

"तिची बोटं त्यांनी सोडवली," मामा म्हणाले. "माझी कुणी सोडवली न्हाईत."

बाहेर कुणीतरी टोकन नंबर विचारत होतं. मी उठून त्याला सांगून आले. परत बसले तेव्हा मामा डाव्या हातानं बशी सरळ करत होते.

मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. हे दुखणं मेंदूतलं आहे, त्यात त्यांचा दोष नाही आणि ते कमी केल्यानं कुणी जात नाही. आणि हेही सांगितलं की संशोधनातून कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, उपचार बंद होत नाहीत. मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते पटलं नाही असं नाही. "कळतं मला," ते म्हणाले. "मी काय येडा हाय का?" आणि निघून गेले.

ते परत येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पुढच्या वारी त्यांच्या जागेवर दुसरा रुग्ण बोलावायचाही माझा विचार होता. पण मामा आले, आणि वेळेआधी आले. दाढी केलेली, पांढरा शर्ट, डोक्याला तेल. ते नेहमीच्या जागी बसले नाहीत, सरळ माझ्या टेबलाशी आले आणि आवाज खाली करून बोलले.

"रातभर इचार केला. मला एवढं दुखतंय, तर तिला बी दुखतच असंल की. किती आवळून धरलंय मी."

मी म्हटलं, "चला, पाणी तयार आहे."

मे महिना होता. बाहेर रस्त्यावर माणूस नव्हता. आमच्या खोलीचं दार उपचार चालू असताना बंद ठेवायचं हा नियम मीच दारावर लावलेला, कारण बाहेरची झळ आत आली की पाण्याचं तापमान चढतं. डॉक्टर समोर बसले. मी थर्मामीटर बघून मान हलवली. मामांनी डावा हात पाण्यात घातला आणि आरशात बघायला लागले. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

त्यांनी अंगठा बाजूला केला. मग पहिलं बोट. ते कुणाशी तरी बोलत होते, ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोन बोटं मी आरशातच बघितली. तिसऱ्याच्या वेळी माझी नजर आरशामागं गेली, नको असताना. तिथं बाही होती, पिन होती, आणि टेबलाच्या रेक्झिनवर बाहीच्या पुढं खळगा पडलेला होता, उशीत डोकं टेकल्यावर पडतो तसा. तुम्ही म्हणाल, जुनं रेक्झिन, आतला स्पंज बसला असेल. मीही तेच म्हणते. करंगळी उघडली, आणि स्पंज हळूहळू वर आला.

"दार उघडा, मॅडम," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी माझाच नियम मोडून उठले आणि दार पूर्ण उघडलं. बाजूला सरून उभी राहिले, एखाद्याला वाट देताना राहतो तशी. का राहिले ते मला सांगता येणार नाही. बाहेरच्या व्हरांड्यात ऊन तापलेलं होतं, दार उघडताच झळ तोंडावर यायला हवी होती. ती यायला जरा वेळ लागला. आधी माझ्या डाव्या दंडापाशी गारवा लागला. मग झळ आली.

मी दार लावलं.

"ग्लास?" डॉक्टरांनी विचारलं.

"रिकामा," मामा म्हणाले. "धुऊन पालथा घातल्यागत."

डॉक्टरांना फार आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला सांगू. त्या दिवसापासून मामांना झोप लागू लागली. खांदा सुटला. टोकाची आग थांबली, आणि महिन्याभरात कृत्रिम हात बसवता आला. तो त्यांना नीट बसला. आमच्याकडून रुग्णाला जे मिळावं असं वाटतं, ते सगळं त्यांना मिळालं होतं.

पुढं संशोधन संपलं. मामा आता आमच्याकडं येत नाहीत. गावी फोन केला तर त्यांची लेक सांगते की ते तिच्या घरी तिकडंच असतात, बोलणं कमी झालंय, तब्येत ठीक आहे. पण ते शेवटचे आले होते तो दिवस अजून सांगायचा राहिलाय.

शेवटची तपासणी होती. मी एकेक प्रश्न विचारत गेले. दुखणं? न्हाई. झोप? लागती. जेवण? जातं. मग मी विचारलं की नसलेला हात अजून जाणवतो का. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा असतो. त्यांनी कृत्रिम हाताकडं बघितलं.

"न्हाई. गेला तो बी. तिच्याबरूबरच गेला असंल."

मी लिहून घेतलं. त्यांनी मला लिहू दिलं, आणि मग विचारलं, "मॅडम, ते परत दुखायला लावता येतं का?"

मला वाटलं ते गंमत करताहेत. वर बघितलं. ते गंमत करत नव्हते. मी म्हटलं, "मामा, आमचं सगळं काम दुखणं कमी करायचं आहे. वाढवायचं आमच्याकडं काही नाही."

"म्हंजी तुमचा चरक एकाच बाजूनं फिरतो," ते म्हणाले आणि थोडंसं हसले.

डॉक्टरांना बोलवायला मी बाहेर गेले. ते दुसऱ्या रुग्णाजवळ होते, म्हणून परत यायला मला उशीर झाला. आले तेव्हा मामा खुर्चीवर नव्हते. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पुढच्या रुग्णासाठी भरून ठेवलेला टब आरशासमोर होता, बर्फाचे खडे वर तरंगत होते. मामांनी कृत्रिम हात काढून शेजारी ठेवला होता. डावा हात मनगटाच्याही वरपर्यंत पाण्यात होता आणि ते आरशात बघत होते. मूठ आवळलेली, पूर्ण जोर लावून. आरशातलीही आवळलेली. ते वाट बघत होते.

मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. हात आधी लाल होतो, तेव्हाच तो काढायचा असतो, हे मी रोज सगळ्यांना सांगते. त्यांचा हात लाल होऊन पुढं गेला होता, बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"मामा, काढा आता. इजा होईल."

"थांबा की," ते हळू आवाजात म्हणाले. "आत्ता यायला लागलाय वाटतं."

आरशामागं कोरडं रेक्झिन होतं. सपाट. मी स्वतः वाकून बघितलं.

मग मी टबात हात घातला, त्यांचा हात धरला आणि बाहेर काढला. इतकं गार मी त्या खोलीत कधी काही धरलं नव्हतं. टॉवेल कपाटात होता, दोन पावलांवर. पुढचा रुग्ण बाहेर येऊन बसल्याचा आवाज आला. मी तिकडं वळायला लागले तर माझी बोटं सुटेनात. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, आरशात बघत, चेहरा जराही न हलवता.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "बाहेर सांगा, जरा वेळ लागेल."

मावशींनी दार ओढून घेतलं. हात न सोडवता मी स्टूल पायानं जवळ ओढलं आणि मामांच्या उजव्या बाजूला बसले.